आधी येरवडा, मग वाघोली

३ जून, सकाळ
संस्थेच्या संस्कृत वर्गांचा प्रवेशफॉर्म यंदा ऑनलाइन. त्यामागची संगणकाची स्क्रिप्ट मीच लिहिणार. समास सोडवणाऱ्याला फॉर्मचा मेनू काय जड! सचिव कांताबाईंनी बजावलंय, विश्रांतवाडीच्या म्हणजे माझ्या वर्गाला १५ तारखेपर्यंत दहा नावं आली नाहीत तर वर्ग बंद. अकरा वर्षांचा वर्ग. दहा काय, तीस येतील.

४ जून
झालं. एका यादीत जागा, दुसरीत वेळा. पहिल्या जागेला पहिली वेळ, दुसरीला दुसरी. विश्रांतवाडी संध्याकाळी सहा, येरवडा सकाळी सात, वाघोली पहाटे साडेपाच (कॉलेजची मुलं). येरवड्याचा वर्ग घेणाऱ्या आयेशाबाईंनी सुचवलं, सर, प्रत्येक वेळ त्या त्या जागेच्या पोटातच, एकाच नोंदीत ठेवा. वयाने लहान आहेत. हसून सोडून दिलं.

५ जून, दुपार
जागांना वर्णक्रमच नाही! संस्कृतच्या फॉर्मवर 'व' आधी आणि 'य' मागून? लाज वाटली. आता आधी येरवडा, मग वाघोली, मग विश्रांतवाडी. वेळांच्या यादीला हात लावला नाही. वेळांना कसला आलाय वर्णक्रम. फॉर्म खुला केला.

८ जून
येरवडा एकवीस. विश्रांतवाडी शून्य. आमच्या भागाची अभिरुची खालावली आहे.

१० जून
शकू सांगत होती, खालचे महिपतराव वर्गाला येणार होते, पण पहाटे साडेपाच बघून थांबले. चष्मा बदलायला झालाय त्यांचा. तरी म्हटलं, ज्ञान हवं तर पहाटे उठावं माणसाने. "तुम्ही आठला उठता," शकू म्हणाली. बायकोला विषयांतराची सवय.

१२ जून
आयेशाबाईंचा फोन. येरवड्याचे लोक संध्याकाळी सहाचं विचारताहेत, यादी एकदा बघाल का. बघितली. वर्णक्रम अचूक.

१४ जून
फॉर्म सकाळपासून नऊ वेळा उघडला. विश्रांतवाडी दोन. एक मी, चाचणी म्हणून. वेळेकडे पाहिलं नाही, ती मला पाठ आहे. दुसरी शकू, दयेपोटी.

१५ जून
वर्ग बंद.
आयेशाबाईंनी कांताबाईंसमोर दहा मिनिटांत प्रत्येक वेळ आपापल्या जागेच्या पोटात घातली. विश्रांतवाडीसमोरचं पहाटे साडेपाच वाघोलीकडे परत गेलं. येरवड्याच्या लोकांनी सहाच धरून ठेवलेत, म्हणून तिथे संध्याकाळचा नवा वर्ग. तो मी घ्यायला तयार आहे, असं मोठ्या मनाने सुचवलं.
"तो आयेशा घेईल," कांताबाई म्हणाल्या. "वाघोलीला शिक्षक नाही, सर. तिथे तुम्ही."
शकूने चारचा अलार्म लावून दिला. ज्ञान हवं तर, एवढंच म्हणाली.