छपरावरचं वीजघर

३ जानेवारी
आणि वर आईचंच खरं! रात्री झोपेत तिचा श्वास अडकतो, म्हणून तोंडाला मशीन लावून झोपावं लागतं, मान्य. पण ते केंटकीतल्या तिच्या घरच्या भिंतीच्या सॉकेटवरच चालतं, असं कुठे लिहिलंय? आज फोनवर पुन्हा तेच. म्हणे, राजा, ॲरिझोनाच्या वाळवंटात तुझ्या त्या डब्यात वीज कुठली? डबा नाही, कॅम्पर, चाकांवरचं घर, मी म्हटलं. वीज छपरावर. म्हणाली, आपल्या छपरावर तर कबुतरंच दिसतात बाबा.
दोन वर्षं भेट नाही. डॉक्टरनं सांगितलंय, एकही रात्र मशीन चुकवायचं नाही. शेवटी मी शब्द दिला: रात्रभर चालेल, ये. तिनं महिनाअखेरीचं बसचं तिकीट काढलं.

६ जानेवारी
हिशेब केला. दोन बॅटऱ्या, दोन सोलर पॅनल. मशीन चपलांच्या खोक्याएवढं. त्याला वीज लागून लागून किती लागणार? झाला हिशेब.
शेजारच्या ट्रेलरमधली व्हर्नाबाई लगेच हजर. जन्मभर डकोटात शाळेची बस चालवली, आता दर हिवाळ्यात इथे या बिनविजेच्या कॅम्पात येऊन मला चालवते. म्हणे, पोरा, त्या मशीनमध्ये वाफेसाठी पाणी तापतं, ते बंद ठेव, तेच बॅटरी पितं. आणि या शिशाच्या बॅटऱ्या, अर्ध्याच्या खाली उतरवल्यास की मेल्या. मी विचारलं, मग पूर्ण बॅटरीचे पैसे का घेतात? बाई बराच वेळ हसत होती.

९ जानेवारी
पॅनल चढवले. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून छपरावरच्या एसीच्या खोक्याला अगदी खेटून. बाई म्हणे, हिवाळ्यात ऊन तिरपं, खोक्याची सावली पॅनलवर पडणार. कोपरा झाकला तरी अख्खा पॅनल झोपतो. गाडी वळव.
वळवली तर माझं दार तिच्या दारासमोर येतं. दिवसभर पंप ट्रकवर लोकांच्या संडासाच्या टाक्या उपसतो. घरी आल्यावर सल्ले उपसणार नाही. गाडी आहे तिथेच राहील.

१४ जानेवारी, सकाळ
चाचणी. आईच्या मशीनच्या जागी टेबलफॅन लावला. थंडी फार, म्हणून हीटरही. हीटर गॅसचा, त्यात वीज कसली? त्याच्या आतल्या पंख्याची, असं आत्ता कळलं. उजाडायच्या आत दोन्ही गप्प, फक्त गॅसचा अलार्म बॅटरी संपली म्हणून किंचाळतोय.
आईला कळवलं: चाचणी झाली. खोटं नाही.

१९ जानेवारी
पंप ट्रकचा मालक डेल्मर म्हणाला, माझा जनरेटर ने. इथे रात्री दहानंतर जनरेटर लावणाऱ्याला कॅम्पातली म्हातारी माणसं जिवंत सोडत नाहीत, हे त्याला माहीत आहे. तरी हसत म्हणाला. मी म्हटलं, जनरेटर भित्र्यांचा. सूर्य मर्दांचा.

२३ जानेवारी, सकाळ
दुसरी चाचणी. हीटर बंद, टीव्ही बंद, कामाचं ओव्हरऑल घालून, वर दोन कोट चढवून झोपलो. तरी पंखा पहाटेआधीच थांबला. कालचं ऊन पातळ होतं. बॅटरीवाल्यानं जुना माल दिला. बाईची वाईट नजर तर आहेच.
आज ती सल्ल्याऐवजी सूपचं भांडं ठेवून गेली. हे जास्त लागलं.

२७ जानेवारी
गाडी वळवली. बाईच्या सांगण्यावरून नाही. डोंगर बघायला. पॅनल बरे चाललेत, पण दोनदा पार उतरलेल्या बॅटऱ्या आता घोटभरही धरत नाहीत. नवीन घ्यायच्या तर पगारानंतर.
संध्याकाळी आईचा फोन. बॅग भरली म्हणाली. शेजारणीनं विचारलं म्हणे, तिथे श्वास अडकला तर? तर मी सांगितलं, माझ्या लेकानं बघितलंय सगळं, मी डोळे मिटून जाणार.
मी हो म्हणणार होतो. तोंड उघडलंही. मग म्हटलं, आई, नंतर करतो.

२८ जानेवारी
गावातल्या भाड्याच्या ट्रेलर पार्कात गाडी लावायला जागा बघितली. प्रत्येक जागेला खांब, खांबाला सॉकेट. ही हार नाही. वीजघर छपरावरच आहे, फक्त आई असेपर्यंत त्याला सुट्टी. बाईला सांगितलं, तिथून डोंगर अजून छान दिसतो. ती म्हणाली, दिसतो रे, आणि आईला माझा नमस्कार सांग.
आईला फोन केला: ये, निर्धास्त ये. या वेळी ‘नंतर करतो’ म्हणावं लागलं नाही.
पार्कवाल्याला आगाऊ पैसे पाठवतोय. सात रात्री, वीज धरून: दोनशे पंचेचाळीस डॉलर.