न मोजलेला आकडा

मी, लिंबाजी ग्यानोबा इंगोले, वय एकोणपन्नास, धंदा आरोग्य सेवकाची नोकरी व थोडी शेती, राहणार मौजे होनसांगवी, तालुका मुखेड, जिल्हा नांदेड, आज आंघोळ-पूजा आटोपून हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. हृदयाचा भरवसा डॉक्टर देत नाहीत. गेल्या वर्षी नांदेडला त्यात दोन स्टेंट बसवाव्या लागल्या. बावीस वर्षे गावाचा रक्तदाब मोजणाऱ्याचीच ही गत झाली म्हणून गाव हसले, मीही हसलो. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. थकवा मात्र आहे. तो या कागदात दिसला तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे.

१. राहते घर, गाय, देवघर आणि माझ्या नोकरीचे जे काही निघेल ते पत्नी मंजुश्री हिचे. तिने भाजीतले मीठ कमी केले तेव्हा मी अकरा दिवस ताटावर कुरकुर केली, आणि गावात मात्र मीठ कमी खा म्हणून सांगत फिरलो. त्याबद्दल येथे लेखी माफी मागतो.

२. मी स्वतः घेतलेले पाऱ्याचे रक्तदाबाचे यंत्र व स्टेथोस्कोप मुलगी वर्षाराणी हिला द्यावे. ती लातूरला नर्सिंग शिकत आहे. कपाटातले दुसरे यंत्र सरकारी आहे, ते उपकेंद्रात जमा करावे. त्याचा पट्टा मी दोनदा शिवला आहे. नव्यासाठी केलेले तीन अर्ज फायलीत सापडतील, उत्तर सापडणार नाही. तेव्हाचे आमचे पर्यवेक्षक म्हणत, रकाना रिकामा ठेवू नका, वरून विचारणा होते. त्यांच्यावरचा राग मी आता सोडतो. रकाने त्यांनी नाही, मी भरले.

३. हे कलम मालमत्तेचे नाही, पण याच्यासाठीच बाकीची लिहिली.

सरकारने परदेशातल्या एका आरोग्य संस्थेच्या मदतीने आमच्याकडे रक्तदाबाचे काम सुरू केले. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा दाब मोजायचा, वाढलेला निघाला तर कार्ड करायचे आणि महिन्याच्या गोळ्या फुकट द्यायच्या. काम चांगले होते, आजही आहे. त्याआधी माणूस वावरात छातीला हात लावून पडे आणि लोक म्हणत, वेळ भरली.

माझी वहिनी केवळाबाई, थोरले बंधू हणमंतराव यांची पत्नी, हिचे कार्ड एकेचाळीस नंबरचे. २०२१ च्या नवरात्रात तिसऱ्या माळेला मी तिचा दाब मोजायला गेलो. घरात घट बसलेले, वहिनी सोवळ्यात. उंबऱ्याच्या आतूनच म्हणाली, "भावजी, त्यो पट्टा साऱ्या गावाच्या दंडाला लागलेला हाय. घट उठू द्या, मग मापा." गोळ्यांचे विचारले तर तिने कोनाड्याकडे बोट केले. नऊ दिवस पाणी आणि एखादे फळ, दुसरे काही तोंडात घालायचे नाही, असा तिचा नेम.

मी स्वतः एकादशा करणारा माणूस. देवीच्या आणि तिच्या मध्ये मी कोण, असे मला वाटले. संध्याकाळी अहवाल द्यायचा होता. मी मागच्या महिन्याचाच आकडा, १३०/८४, पुन्हा लिहिला आणि पुढे लिहिले, गोळ्या चालू. आठव्या माळेला ती घटासमोर कोसळली. जीप मुखेडला पोचेपर्यंत संपली होती. महिन्याच्या तक्त्यात ती 'नियंत्रणात' होती.

पुढच्या हिवाळ्यात संस्थेचे पाहुणे आले. त्यांनी भिंतीवरचा तक्ता पाहून माझी पाठ थोपटली. त्यांच्यात इंडोनेशियाच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. दुभाष्यामार्फत त्यांनी विचारले, तुमच्याकडे इतके उपास असतात, तेव्हा गोळ्यांचे काय करता? मी तक्त्याकडे पाहिले. त्या म्हणाल्या, आमच्याकडे रमजानात गोळीची वेळ बदलतो, पहाटे जेवणाबरोबर देतो, पण गोळी सोडू देत नाही. मी मान हलवली. एवढी साधी गोष्ट समुद्र ओलांडून माझ्यापर्यंत आली होती, आणि मला ती माझ्या भावाच्या दारात सुचली नव्हती.

४. महादेव मंदिराचे पुजारी चन्नबसप्पा स्वामी यांना मी हे सांगितले, आकड्याचे सोडून. अर्ज करून मला जे जमले नसते ते त्यांनी एका वाक्यात केले. भर आरतीत म्हणाले, "गोळी तीर्थासंगं घ्या, उपास मोडत न्हाई. मोडलाच तर पाप माझ्या माथी." तेव्हापासून उपासाच्या दिवशी लोक कार्ड घेऊन देवळात येतात. माझ्यामागे हे बंद पडू नये. पट्ट्याखाली घालायला धुतलेली फडकी देवळाच्या पेटीत आहेत, प्रत्येकाला वेगळे द्यावे. याची चार पाने टिपणे मी काढली आहेत. ती जिल्ह्याला आणि जमल्यास त्या बाईंना पाठवावीत. तिकडून आपल्याला काही मिळाले, इकडूनही काही जावे.

५. विहिरीजवळचे, जळकोट रस्त्याला लागून असलेले माझे वावर हणमंतराव यांना द्यावे. अट एकच, त्यांनी दर महिन्याला दाब मोजून घ्यावा आणि गोळी खाडा न करता घ्यावी. वहिनी गेल्यापासून ते दंडाला पट्टा लावू देत नाहीत. वकील म्हणाले, असली अट टिकणार नाही. तरी लिहिली.

६. येथपर्यंत लिहून सही करणार होतो. पण खरे सांगायचे आणि आपण मेल्यावर सांगायचे, हे सोयीचे झाले. म्हणून हणमंतरावदादांना देवळात बोलावून, स्वामींसमोर, सगळे वाचून दाखवले.

दादा नंदीकडे वळले. मग म्हणाले, "मला ठावं हाय, लिंबा. मी ओसरीवरच व्हतो. पट्टा पिशवीतून निघालाच न्हाई."

मी विचारले, मग चार वर्षे बोलला का नाहीत?

"काय बोलू? कोनाड्यातल्या गोळ्या मला बी दिसत व्हत्या. रोज दिसत व्हत्या."

मग ते म्हणाले, वावर मला नको, पोरीला दे. मी साक्षीला राहतो. घेणाऱ्याची साक्ष चांगली दिसत नाही, हे त्यांना माझ्याआधी कळले. सबब पाचवे कलम रद्द. ते वावर वर्षाराणीला द्यावे. त्याबरोबर अटही गेली. दादांनी बाही वर केली आणि म्हणाले, "माप. अन् जे येईल तेच लिही."

आज एकादशी. स्वामींनी तीर्थ आणले आहे.

ठिकाण : महादेव मंदिर, होनसांगवी
दिनांक : ५ ऑगस्ट २०२५

लिहून ठेवणार : लिंबाजी ग्यानोबा इंगोले (सही)

साक्षीदार :
१) चन्नबसप्पा स्वामी, पुजारी (सही)
२) हणमंतराव ग्यानोबा इंगोले (सही). रक्तदाब १७८/१०६. दोनदा मोजून लिहिला.