एकेचाळीस नंबरचा तुकडा

कॅडवेल काउंटी, नॉर्थ कॅरोलायना
११ मार्च

प्रिय मॅव्हिस,

मजेत असशील असं लिहिणार होते, पण ऑक्टोबरपासून तू माझा फोन उचलत नाहीस, त्यामुळे तुझी खुशाली मला चर्चमधल्या बायकांकडून कळते. गुडघा पुन्हा दुखतोय म्हणे. शेकतेस का? इकडे आम्ही दोघं ठीक. रेनं यंदाही पीचचं झाड नको तेवढं छाटलं, आणि आता तो स्वतःच त्या बाजूला बघत नाही.

ऑफिसात तेच चाललंय. दर महिन्याला कुठेतरी नवी वसाहत उभी राहते आणि तिथून किती पोरं शाळेत येतील याचा अंदाज मी बांधत बसते. एकवीस वर्षं हेच केलं. मागच्या सोमवारी एल्म फोर्क शाळेत गेले होते. सहाशे मुलांच्या शाळेत साडेआठशे मुलं. मैदानावर आता चाकांवरचे नऊ वर्ग उभे आहेत. जेवणाची पहिली पाळी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी बसते. तू तिथल्या स्वयंपाकघरात असताना साडेअकराच्या आत कुणाला पावाला हात लावू दिला नसतास. आताच्या बाईंचे पाव दगडासारखे असतात, हे तुला बरं वाटावं म्हणून मुद्दाम सांगते.

ही गर्दी कमी करायला सहा मैलांवर बांधलेल्या नव्या शाळेला तुझा विरोध नव्हताच. तुझं म्हणणं होतं ते कुठली घरं कुठल्या शाळेत जाणार, त्या रेषेबद्दल. ऑक्टोबरच्या जनसुनावणीत तू उभी राहिलीस. बाकीचे लोक मिळालेली तीन मिनिटं ओरडण्यात घालवत होते. तू एवढंच म्हणालीस, "माझी लेक गेली तेव्हा टेस सात वर्षांची होती. चार महिने बोलत नव्हती. पुन्हा बोलायला लागली ती याच शाळेत. आमच्या घरापासून चालत चार मिनिटं लागतात. तिला सहा मैलांवर कशासाठी पाठवताय, तेवढं मला कुणीतरी सांगा."

उत्तर द्यायचं काम माझं होतं. तुमच्या बाजूच्या मुलांना रस्ता ओलांडायला धोका आहे, असं मी कागदावरून वाचून दाखवलं. तू माझ्याकडे बघत होतीस आणि मी कागदातून डोकं वर काढलं नाही.

मॅव्हिस, तो धोका मी मागाहून शोधून काढला होता.

पाच महिने हे सांगायचं टाळलं, आता सरळ सांगते. आम्ही अख्ख्या काउंटीचे लहान लहान तुकडे पाडतो, त्यांना नंबर देतो आणि शाळेत मावतील तेवढे तुकडे त्या शाळेला जोडतो. तुझं घर एकेचाळीसमध्ये येतं. माझ्या पहिल्या तिन्ही नकाशांत एकेचाळीस एल्म फोर्कमध्येच होता आणि आकडे चोख बसत होते. मग सप्टेंबरच्या बैठकीत शाळा मंडळातले प्रुइट हसत हसत म्हणाले, "कोरिन, एकेचाळीसमध्ये तुझी बहीण राहते ना? मजा आहे बुवा तिची, नकाशाच घरचा!" सगळे हसले. मीही हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकेचाळीस बाहेर काढला आणि त्याच्या जागी अडतीस आत घेतला.

मला कुणीही सांगितलं नव्हतं. अडतीसमध्ये नवी घरं बांधली जातायत, दोन वर्षांत शाळा पुन्हा तुडुंब भरेल, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण माझ्याकडे कुणी बोट दाखवू नये म्हणून मी तुझ्या नातीला उचलून बसमध्ये बसवलं. लोक म्हणाले, बघा, सख्ख्या बहिणीचीही गय केली नाही बाईनं. ते ऐकून मला बरं वाटलं. लिहिताना लाज वाटते, पण वाटलं खरं.

सोमवारी मी वर्गातली डोकी मोजत असताना टेस दारात येऊन उभी राहिली. अगदी तिच्या आईसारखी, आपल्या जेनेलसारखीच उभी राहते गं, एका पायावर भार देऊन. मला वाटलं, आता तोंड फिरवून जाईल. तिनं विचारलं, "आंट कोरिन, नव्या शाळेची बस किती वाजता येते?" मी म्हटलं, सहा चाळीसला. जरा विचार करून म्हणाली, "मग मला आत्तापासून लवकर उठायची सवय करायला हवी. पण मला जायचं नाहीये हे आजीला सांगू नकोस हं. मी रडले की ती माझ्याहून जास्त रडते."

तिला कबूल केलं होतं, आणि तरी तुला सांगतेय. नऊ वर्षांच्या पोरीनं हे एकटीनं सोसावं असं मला वाटत नाही. माझं मोजायचं काम तिथेच राहिलं. गाडीत जाऊन बसले आणि खूप रडले.

आज सकाळी साहेबांना सगळं लेखी दिलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि नकाशाचं काम माझ्याकडून काढून घेतलं. नोकरीचं पुढे बघू म्हणाले. मंगळवारी मंडळाचं मतदान आहे. त्याआधी मी सगळ्यांसमोर उभी राहून हेच सांगणार आहे. ज्याला मी घाबरत होते तेच आता होईल, बहिणीसाठी नकाशा फिरवायला निघाली म्हणतील. अडतीसमधल्या आयाही चिडतील, त्यांच्या पोरांनी एल्म फोर्कच्या रंगाची जॅकेटं घेऊन ठेवलीयत. त्यांचाही राग खोटा नाही. मंडळ ऐकेल की नाही, मला खरंच माहीत नाही. अंदाज बांधून पोट भरणारी मी, याचा मात्र अंदाज येत नाही.

तू माझ्या बाजूनं बोलायला येऊ नकोस. मला माफ कर असंही म्हणत नाही, तो हक्क मीच घालवला. पण मतदान उलटं गेलं तर ऑगस्टमध्ये पहिल्या दिवशी सहा चाळीसच्या आधीच मी तुमच्या फाटकाशी येऊन उभी राहीन आणि बस येईपर्यंत टेसचा हात धरीन. तू घरात थांब, बाहेर ये, नाहीतर मला हाकलून दे. तुला जे वाटेल ते कर.

लोकांनी चांगलं म्हणावं म्हणून तुला परकी करणारी, आणि तुझ्यावाचून करमत नसलेली,
तुझी धाकटी,
कोरिन