व्हिएतनामहून आणलेल्या चिखल्या

१९ मे २०२३

निवड झाली! आमच्या कृषी कॉलेजातून आठ जण, दहा दिवस, व्हिएतनाम. यादी तीनदा वाचली. यादीत माझ्यासोबत असलेल्या खुशबूनं दंडाला चिमटा काढला तेव्हा कुठे खरं वाटलं.

फक्त एक गोष्ट मनाला खातेय. फॉर्मवर रकाना होता – धान रोवणीचा प्रत्यक्ष अनुभव. मी लिहिलं, ‘लहानपणापासून’. धानाच्या पट्ट्यातल्या पवनीच्या पोरीवर कोण शंका घेणार! लहानपणापासून मी फक्त धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून पाहिलंय. दुसऱ्यांच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, धान रोवून आईनं मला कॉलेजपर्यंत शिकवलं, पण मला धुऱ्याखाली पाय ठेवू दिला नाही. ‘तुह्या पायाले चिखल लागू देणार नाही मी.’ तिच्या स्वतःच्या बोटांच्या बेचक्यांत दर पावसाळ्यात चिखल्या होतात. कातडी पांढरी पडते, सोलते. रोज हळद-तेल लावते आणि पुन्हा चिखलात जाते.

११ जून

आईला सांगितलं, तिकडे मशीन बघायच्या आहेत, प्रयोगशाळा आहे. रोवणीचं बोललेच नाही. ‘बराबर आहे. विमानात बसून कोनी चिखलात कायले जाईन?’ हसली. मीही हसले. नको होतं हसायला.

२५ जून

पोचलो. हनोईपासून दोन तासांवर एक गाव, त्याचं नाव माझ्या जिभेवर बसत नाही.

खिडकीबाहेर पाणीच पाणी, आणि त्यात ढग. बाया टोप्या घालून वाकलेल्या, हळूहळू मागे सरकणाऱ्या. मागे पाणी, समोर हिरवं. मी किती वेळ बघत राहिले कोण जाणे. मध्येच वाटलं, त्यातली तिसरी बाई आई आहे. आता वर बघेल, ‘डबा आनला का?’ म्हणेल. खुशबू म्हणाली, ‘काहून गप्प आहेस?’ मी इथेही होते आणि धुऱ्यावरही.

२७ जून

फजिती. आमच्यासोबत आलेल्या तेजराम सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, ‘हर्षा धानवाल्या घरची आहे, आपली रोवणी हीच दाखवेल.’ पऱ्ह्यांची, धानाच्या कोवळ्या रोपांची, पेंढी हातात, तीस माणसं बांधावर, त्यांचे मोबाईल वर. उतरले. घोट्याच्या वरपर्यंत गार, मऊ. पहिली ओळ लावली आणि मी सरकण्याआधीच सगळी रोपं पाण्यावर तरंगायला लागली.

कुणी हसलं नाही. तेच जास्त लागलं.

शेतमालकीण आजी खाली उतरली. भाषा नाही, काही नाही. माझा अंगठा धरला, रोपाच्या मुळाशी ठेवला आणि चिखलात दाबला. पुन्हा. पुन्हा. मग मला आठवलं, आईचा अंगठाही असाच जातो. इतकी वर्षं मी तिची पाठ पाहिली, अंगठा पाहिलाच नव्हता. चौथ्या ओळीला रोपं उभी राहिली.

संध्याकाळी सरांना खरं सांगून टाकलं. चहा ढवळत ते म्हणाले, ‘फॉर्मवर खोटं लिहिलंस ना? आता अहवालात खरं लिही.’

१ जुलै

रोज सकाळी आजीच्या बांधीत जाते. कार्यक्रमात नाही तरी जाते. वाकलं की डोक्यातलं सगळं खाली पाण्यात उतरतं आणि तिथेच राहतं. मला हे आवडतं. फार आवडतं. आईसमोर हे वाक्य कसं म्हणायचं? तिनं वीस पावसाळे मोडली कंबर, या पोरीला चिखल आवडावा म्हणून?

आणि बोटांच्या बेचक्यांत खाज सुटलीय.

५ जुलै

घरी. आईला रेशमी पर्स दिली, मशीनचे फोटो दाखवले. ती प्रत्येक फोटोला मान डोलवत होती.

‘घरात मोजे कायले घातले?’
‘तिकडची सवय.’

तिकडे सगळे अनवाणी असतात. किती खोटं बोलायचं माणसानं!

७ जुलै

उकाड्यात मोजे. पाय पेटलेत. उद्यापासून आईचा रोवणा सुरू. ईश्वर पाटलांच्या बांधीत. ती पेंढ्या बांधायच्या दोऱ्या काढून बसलीय. मी अहवालाचा कागद पुढे घेऊन. एक ओळही झाली नाही.

८ जुलै, पहाट

काल दिवेलागणीला डोळा लागला. जाग आली तर मोजे निघालेले, माझा पाय आईच्या मांडीवर, हळद-तेलाचा वास. ती बेचक्यांत बोट फिरवत होती. मी रडायलाच लागले. म्हटलं, तुला वाईट वाटेल म्हणून लपवलं.

‘वाईट नाही वाटत वो माय. मले भेव होता. मलेबी आवडते ना हे, म्हून तुले उतरू नाही दिलं. तुले आवडलं असतं तं तू शिकली नसती.’

मग दुसरा पाय ओढून घेतला. ‘पाचाले उठजो. माह्या बाजूची ओळ तुही.’

पाच वाजलेत.