फेरभरतीची जय्यत तयारी

३ तारीख, सकाळी ६.१०
ठरलं. पुन्हा सैन्यात जायचं. मेडिकल बोर्डाने ‘मानसिक कारणास्तव’ घरी पाठवलं त्याला दोन वर्षं झाली. आता मी ठणठणीत आहे. पाचला उठून पाच किलोमीटर धावायचं होतं. सहाला उठलो, म्हणजे सुरुवात वाईट नाही. धावणं उद्यापासून.

४ तारीख
आभाळ भरून आल्यासारखं वाटलं, म्हणून धावलो नाही. नंतर लख्ख ऊन पडलं. अर्ज मात्र आणला. चार पानी आहे. शेवटच्या पानावर पूर्वीच्या एका सहकाऱ्याची शिफारस हवी. किरकोळ बाब.

६ तारीख
बायकोला सांगितलं. भांडी पुसता पुसता म्हणाली, आधी डॉक्टरांना विचार. डॉक्टर काय म्हणतील ते मला माहीत आहे, म्हणून विचारणार नाही. तिच्यावर उगाच खेकसलो. दोन वर्षं तिनेच मला सांभाळलं, हे आठवून फार वाईट वाटलं. जेवताना माफी मागायची ठरवली. जेवताना सिरियल लागली होती.

७ तारीख
सध्या हॉटेलच्या लाँड्रीत आहे. तात्पुरता. सुपरवायझर बाईंची तक्रार, की इतरांच्या चाळीस चादरी होतात तेव्हा माझ्या अकरा. वस्तुस्थिती अशी, की मीही चाळीस घड्या घातल्या होत्या. त्यातल्या एकोणतीस तपासायला पुन्हा उलगडल्या. बाई म्हणाल्या, ही चादर बांधून कोणी विमानातून उडी मारणार नाहीये. बाईंना दूरदृष्टी नाही.

९ तारीख, दुपारी
घरी पाठवल्याचं कारण एकदा लिहून काढतो, म्हणजे विषय संपेल. मी पॅराशूटच्या घड्या घालायचो. पॅकर. प्रत्येक पॅराशूटच्या कार्डावर पॅकरची सही असते, आणि साहेब कधीही त्यावर बोट ठेवून म्हणू शकतो, हेच पाठीला बांध आणि मार उडी. त्यामुळे कोणी कामचुकारपणा करत नाही. आमच्या तुकडीतल्या लांबूने माझं पॅकिंग घेऊन उडी मारली आणि त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला. चौकशीत म्हणे वाऱ्याचा दोष निघाला. साहेब मंडळी सांभाळून घेतात, मला कळतं. मग मी पॅक केलेलं प्रत्येक पॅराशूट उघडून पाहू लागलो. एके दिवशी एकोणीसच्या एकोणीस जमिनीवर पसरलेली, आणि तिकडे विमान इंजिन चालू करून उभं. याला मी काळजी म्हणतो. बोर्डाने आजार म्हटलं.
विषय संपला नाही.

१० तारीख
शिफारस लांबूकडूनच घ्यायची. तो आता भरती कार्यालयात टेबलावर असतो, म्हणजे अर्जही तिथेच देता येईल. एका दगडात दोन पक्षी. अपघातानंतर त्याची भेट झालेली नाही. राहून गेलं.

१२ तारीख
लांबूला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा रिंग वाजायच्या आधी कट केला. रेंजचा प्रॉब्लेम.

१४ तारीख
‘चूक माझीच होती’ याची आरशासमोर प्रॅक्टिस. बायकोने बाहेरून विचारलं, कोणाशी बोलतोयस. म्हटलं, सरकारशी. तिने दार ढकलून पाहिलं आणि परत लोटलं. तिला पुन्हा घाबरवलं मी. अपराधी वाटतंय. धावलो: बस पकडण्यापुरता.

१७ तारीख, संध्याकाळी ५
गेलो. लांबू काठी टेकत उठला आणि खुर्ची दिली. मी सावधानमध्ये उभं राहून भाषण सुरू केलं. त्याने दुसऱ्याच वाक्याला थांबवलं. म्हणाला, पॅराशूट झकास उघडलं होतं, मी स्वतः वर मान करून पाहिलं. वाऱ्याने ओढत नेऊन खड्ड्यात आपटलं. हे तुला कोणी सांगितलं नाही का? सांगितलं होतं. सगळ्यांनीच. मी कोणाचंच खरं मानलं नाही.
एकदम हलकं वाटलं. लगेच शेवटचं पान पुढे केलं. ‘कामातील कौशल्य’ यापुढे त्याने ‘उत्तम’ लिहिलं, आणि खाली रेघ मारली. पुढचा रकाना होता: ‘सहकाऱ्यांच्या कठीण प्रसंगी वर्तन’. तिथे त्याचं पेन थांबलं.
मग म्हणाला, हे मी कोरं सोडतो. चार महिने मी हॉस्पिटलात होतो. कँटीनवालासुद्धा येऊन गेला. तू येशील म्हणून मी दाराकडे बघायचो.
मी सांगितलं, दोनदा आलो होतो, गेटपर्यंत. फळं घेऊन. दोन्ही वेळा बाहेरच्या बाकावर बसून मीच खाल्ली. तो जरासा हसला. रागावला असता तर बरं झालं असतं. दोन वर्षं मी घड्याच तपासत बसलो, आणि त्या तर सगळ्या बरोबर होत्या.
अर्ज दिला नाही. घडी घालून खिशात ठेवला. निघताना विचारलं, रविवारी भेटायला घरी येऊ का?
म्हणाला, आता कशाला? आता मी बरा आहे.