दगडावर आलेल्या गोगलगायी

शिरोळ, ९-२-९८

चि. बाळासोस अनेक आशीर्वाद.

रस्सा उकळतोय, एक डोळा तिकडे ठेवून लिहिते. वर्षाराणीचा खोकला हटत नाही, म्हणून सासूबाई नातीला रोज वाटीभर गोगलगायींचा रस्सा पाजतात. एरवी नदीत कमरेएवढ्या पाण्यात चाचपून काढाव्या लागतात. यंदा आपणहून घाटाच्या दगडांवर येऊन चिकटल्यात. सासूबाई म्हणतात, नदीनं औषध दारात आणून दिलं.

तू कॉलेजात ह्याच गोगलगायी बरण्यांत पाळतोस, एखादी शिजवून तरी बघितलीस का, असं तुझे दाजी विचारतात. त्यांना नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या प्लेटिंगच्या कारखान्यात काम लागलं. नळाच्या तोट्यांना धातूचा मुलामा देऊन चकचकीत करतात.

लोभ आहेच, अक्षर दिसू दे.

तुझी अक्का

कोल्हापूर, १३-२-९८

ती. सौ. अक्कास शि. सा. न. वि. वि.

रस्सा आधी बंद कर, बाकीचं मग वाच.

आमच्याकडे बरणीच्या पाण्यात तांब्याचा क्षार घातला की गोगलगायी हेच करतात. काचेवर चढतात आणि पाण्याबाहेर थांबतात. ज्यांना चढता येत नाही त्या शंखात मिटून मरतात. चढलेल्यांच्या मांसातही धातू साठलेला असतो. उकळून तो जात नाही. अक्का, त्या विषातून पळून वर आल्यात.

कारखान्यातलं पाणी कुठं सोडतात, दाजींना विचार. वर्षाला डॉक्टरकडे ने. सासूबाई रागावल्या तर माझ्यावर रागावू देत.

तुझ्या मायेतला,
बाळासो

शिरोळ, १७-२-९८

चि. बाळासोस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. कारखान्याचं पाणी नदीला मिळणाऱ्या ओढ्यात सोडतात, एवढंच तुझे दाजी म्हणाले. ताटावरून उठले.

सासूबाई भडकल्या. चार पोरं ह्याच रश्श्यावर वाढवली की, म्हणाल्या, तुझ्या भावाला शिकवलं ते बरणीत जीव मारायला व्हय? वाटी भरून वर्षाकडे निघाल्या. मी वाटी हिसकावली आणि उकिरड्यावर ओतली. लग्न झाल्यापासून त्यांना कधी उलटून बोलले नव्हते. तेव्हाही बोलले नाही.

डॉक्टरांनी पोरीचं रक्त तपासायला मिरजेला न्यायला सांगितलंय. रस्सा सुटला. पण तो नदीच्या ज्या पाण्यात शिजायचा तेच आम्ही पितो. माठातल्या पाण्याचं काय करू, ते तू लिहिलं नाहीस.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

अक्का

ता. क. काल पत्र टाकायचं राहिलं. आज सकाळी सासूबाईंनी माठ उपडा केला, आणि घागर घेऊन केरबाच्या मळ्यातल्या विहिरीवर गेल्या.