दादाला पाऊस लागत नाही

सोमवार
पोचले एकदाची! जीपने हाडं खिळखिळी केली, पण फाटकावर दादा उभा दिसला आणि सगळा शीण पळाला. राष्ट्रीय उद्यानाच्या हवामान केंद्रातली ही नोकरी त्यानेच लावून दिली. आता जन्मभर ऐकवणार. तो इथे नकाशे करतो. बंगली दोन खोल्यांची, वर पत्रा. स्वयंपाकाच्या मावशी डबा पायरीवर ठेवून गेल्या, आत काही आल्या नाहीत. लाजाळू असतील.

बुधवार
समुद्राकडून आलेले ढग डोंगराला अडतात आणि सगळं पाणी आमच्याच उतारावर ओततात. खोडाखोडावर शेवाळ. कपडे वाळतच नाहीत, काडेपेटी उशाखाली घेऊन झोपावं लागतं. डोंगरापलीकडे मात्र नुसतं पिवळं गवत. आमच्या खालच्या अंगाला एक दलदल आहे; नदी फुगली की तिच्यात शिरते आणि तिथलं धुकं भर दुपारीही उठत नाही. वनरक्षक म्हणाले, तिकडे फिरकायचं नाही. का म्हणून विचारलं, तर त्यांनी दादाकडे पाहिलं आणि विषय बदलला.

शुक्रवार
पर्जन्यमापक बघायला तिघं गेलो. येताना पावसाने झोडपून काढलं. माझ्या बुटांत पाणी, वनरक्षकांच्या मिश्या गळताहेत. दादा कोरडा. शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडलेली नाही. मी म्हटलं, छत्री गिळलीस की काय? तो हसला नाही. वनरक्षक घाईने घरी निघून गेले.

रविवार
मावशींना वाटेत गाठलं. खूप आढेवेढे घेतले, मग बोलल्या. मागच्या पावसाळ्यात दादाचा सोबती दलदलीत हरवला. शोधून शोधून सगळे थकले. मग एका दुपारी त्याची हाक आमच्याच दारातून आली. मावशींनी स्वतः ऐकली. दादाने दार उघडलं. सोबती त्यानंतर कुणालाच दिसला नाही. दादा राहिला, पण तेव्हापासून त्याला पाऊस लागत नाही. मी विचारलं, वर कुणाला कळवलं का नाही? मावशी म्हणाल्या, "काय कळवू? माणूस कोरडा आहे म्हणून?"

सोमवार
धक्का लागल्यासारखं करून तांब्या त्याच्या अंगावर उपडा केला. अळूच्या पानावरून ओघळावं तसं पाणी ओघळून गेलं. एरवी अशा खोडीवर दादाने मला घरभर पळवलं असतं. हा नुसता बघत राहिला. मग म्हणाला, तू फार निरखतेस.

मंगळवार
सामान बांधलं. जीपवाल्या काकांचा निरोप — पूल पाण्याखाली. वनरक्षकांच्या दाराला कुलूप. मावशी आल्याच नाहीत. दादा विचारतो, एवढी कुठे निघालीस?

बुधवार, दुपार
धुकं पायरीपर्यंत आलंय. हा समोर बसलाय. लिहीत राहिलं की मान वर करावी लागत नाही —

दार वाजतंय.

बाहेर दादाचा आवाज. खोकतोय. माझं घरचं नाव घेतोय. म्हणतो, भिजलोय गं, उघड लवकर —

समोरचा शांतपणे म्हणाला, "जा, उघड. मागच्या पावसात बाहेर मी होतो. तुझा दादाही असाच हाकेला उठला होता."

मी उठले नाही. अजून नाही. पण तो रडतोय, आणि दादा रडला की मला —

कडी मी काढली नाही. मी जागेवरच आहे. तरी कडी —